बोट बिघडून परक्या बंदराबाहेर अडकलात तर: नाशिकच्या नव्या खलाशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

रत्नागिरी-अलिबागकडे पोरगा बोटीवर निघाला की गल्लीतले चार जुने खलाशी त्याला बसवून दोन गोष्टी सांगतात. आपल्या नाशिकला तसं कोणी भेटत नाही. आपल्याला द्राक्षं ठाऊक, कांदा ठाऊक, एमआयडीसी ठाऊक. सातपूर-अंबडचे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन आता बरेच बोटीवर जायला लागलेत, पण अडचण आली की घरच्यांना कोणाचं दार ठोठवायचं तेच कळत नाही. आमच्या घरी हेच झालं, म्हणून हे लिहितोय.

मी सहा वर्षं अंबडला फॅब्रिकेशनचं काम केलं आणि मग फिटर म्हणून बोटीवर लागलो. तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला आमच्या जुन्या मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये समुद्राचं पाणी आत घेणारी मोठी पाइप फुटली. पाणी किती आलं ते आईला फोनवर सांगताना मला एकच माप सुचलं: रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागेल इतकं. मुख्य इंजिन गेलं, तिन्ही जनरेटर गेले. वरच्या डेकवरचा इमर्जन्सी जनरेटर तेवढा चालू राहिला. टगने ओढत आम्हाला पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरापाशी आणलं. तिथे २३ दिवस आम्ही बाहेर नांगर टाकून होतो. आत घेतल्यावर पुढे पाच महिने धक्क्याला. मालकाने त्या काळात पगार दिला नाही आणि शेवटी शेवटी फोनही उचलेना.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, कारण खालची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. बोटीला आसरा मिळणं हे एक प्रकरण आणि माणसांची सुटका हे दुसरं. दोन्हींचे कायदे वेगळे आणि दारंही वेगळी. बोट आत गेली की आपणही सुटलो, असं आम्ही धरून चाललो होतो आणि त्या समजुतीत आमचे चार महिने वाया गेले.

१. घर सोडण्याआधी

एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा. त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. परवानाधारक एजंटकडून गेलात तर अडचणीत त्याला जाब विचारता येतो, त्याच्या परवान्यावर गदा येऊ शकते. बिनपरवान्याचा माणूस फक्त फोन बंद करतो.

नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, असं एमएलसी २००६ हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. भारताने तो २०१५ साली स्वीकारला. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. व्हिसाचा खर्च मात्र मालकाचा असतो. नाशिक जिल्ह्यात शेत गहाण टाकून दोन-तीन लाख भरलेली पोरं मी पाहिली आहेत. ‘टुरिस्ट व्हिसावर दुबईला या, तिथून बोटीवर चढवू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. असा माणूस कागदावर खलाशी म्हणून देशाबाहेर गेलेलाच नसतो. पुढे त्याच्यासाठी कोणाला भांडायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पडतो.

मग बोटीची चौकशी करा. प्रत्येक बोटीला सात आकडी आयएमओ नंबर असतो. नाव बदलतं, झेंडा (म्हणजे बोट ज्या देशात नोंदलेली असते तो देश) बदलतो, हा नंबर बदलत नाही. एजंट तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्यातून काय ते समजा. ‘इक्वासिस’ या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून नंबर टाकला की बोटीचं वय, मालक, विमा आणि आधीच्या बंदरांतल्या तपासण्यांत ती किती वेळा अडवली गेली, हे दिसतं. आमची बोट दोन वर्षांत तीनदा अडवली गेली होती. ही माहिती मला अडकल्यावर मिळाली.

घरी ठेवून जायची फाइल अशी: पासपोर्ट, सीडीसी, इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि सगळ्या कोर्सच्या प्रमाणपत्रांच्या प्रती. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला करारनामा. एजंटचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक. बोटीचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा. यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड. बँकेचा तपशील. आणि कोणीच करत नाही असा एक कागद: घरातल्या एका माणसाला तुमचा प्रतिनिधी नेमणारं, तुमच्या सहीचं पत्र. विमा कंपनी मदतीची मागणी खलाशाकडून घेते किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीकडून. नुसतं ‘मी त्याची आई’ म्हटल्याने काम पुढे सरकत नाही. प्रतिनिधी असा निवडा ज्याला ईमेल लिहिता येतो आणि जो चिडत नाही. आमच्या घरी ते धाकट्या बहिणीने केलं, ती तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

२. बोटीवर चढल्यावर पहिल्याच दिवशी

मेसरूमच्या आसपासच्या नोटीस बोर्डावर विम्याची दोन प्रमाणपत्रं लावलेली असतात. एक खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर त्यासाठीचं, दुसरं मृत्यू किंवा अपंगत्वाच्या भरपाईचं. ती लावणं १८ जानेवारी २०१७ पासून एमएलसीने बंधनकारक केलंय. दोन्हींचे स्पष्ट फोटो काढा आणि त्याच रात्री घरी पाठवा. विमा कंपनीचं नाव, संपर्क आणि मुदत त्यावर असते. क्रू लिस्टचाही फोटो घ्या. दर महिन्याला पगाराची स्लिप मागा, तो तुमचा हक्क आहे.

बोर्डावर प्रमाणपत्र नसेल किंवा मुदत संपलेली असेल तर कॅप्टनला विचारा. उत्तर मिळालं नाही तर युनियनला कळवा. तेवढ्यासाठी चढण्याआधीच नुसी (साध्या खलाशांची) किंवा एमयूआय (अधिकाऱ्यांची) यांपैकी तुमच्या पदाला लागू असलेल्या युनियनचं सभासद व्हा.

३. बिघाड झाल्यावर पहिले तास

इथे फार सांगण्यासारखं नाही. कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर सांगतील ते करायचं, लाइफजॅकेट जवळ ठेवायचं, एकट्याने खाली उतरायचं नाही. ब्रिजवरून मेडे जातो तेव्हा जिवावर बेतलेलं असतं. पॅन-पॅन जातो तेव्हा तातडीची मदत हवी असते पण बोट लगेच बुडणार नसते. आमचा पॅन-पॅन होता. हे दोन शब्द घरच्यांना आधीच समजावून ठेवा, म्हणजे ते अर्धवट बातमीने हादरणार नाहीत.

घरी पहिला निरोप छोटा आणि खरा द्या: मी सुखरूप आहे, बोट कुठे आहे, पुढचा निरोप साधारण कधी येईल. व्हिडिओ काढून पसरवू नका. तोच व्हिडिओ पुढे चौकशीत तुमच्याच सोबत्याच्या विरोधात वापरला जाऊ शकतो.

४. बंदर आत का घेत नाही, ते समजून घ्या

बाहेर नांगरावर असताना समोर शहराचे दिवे दिसतात. रात्री मशिदीची अजान ऐकू यायची, वारा किनाऱ्याकडचा असला की मासे भाजल्याचा वास यायचा, आणि आम्हाला मात्र आत यायची परवानगी नव्हती. त्या दिवसांत राग फार येतो. म्हणून कारण माहीत असावं.

समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाचा जीव वाचवणं देशांवर आणि बोटींवर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे. मोडक्या बोटीला बंदरात घेणं तसं बंधनकारक नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २००३ साली अशा बोटींना आसरा देण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ साली ती सुधारली. पण ती तत्त्वंच आहेत. शेवटचा निर्णय किनाऱ्यावरचा देश धोका तोलून घेतो. बोट मधल्या खाडीत बुडून रस्ता अडवेल का, तेल सांडेल का, मालात आग लागेल का, आणि झालंच तर खर्च कोण देणार, हे प्रश्न बंदरवाल्यांच्या डोळ्यांपुढे असतात.

नाही म्हटल्यावर काय होतं याची उदाहरणं मोठी आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ हे तेलाचं जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ फुटलं. त्याला आसरा न देता खोल समुद्रात ढकललं गेलं, सहा दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले आणि तेलाने तोच किनारा काळा केला. कॅप्टन ८३ दिवस तुरुंगात होता. २०२१ साली ‘एक्स-प्रेस पर्ल’च्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं. तो डबा उतरवून घ्यायला कतारचं हमाद आणि आपल्या शेजारच्या गुजरातमधलं हजीरा, दोन्ही बंदरांत जमलं नाही. पुढे कोलंबोबाहेर त्या बोटीने पेट घेतला आणि ती बुडाली.

तुम्ही साधे खलाशी असलात तरी या निर्णयावर तुमच्या कामाचा परिणाम होतो. बंदराला नुसता शब्द चालत नाही, त्यांना पुरावा लागतो. आम्ही फुटलेल्या पाइपवर सिमेंट बॉक्स बांधला. गळतीभोवती लाकडाची पेटी ठोकायची, आतलं पाणी बाहेर निघायला एक छोटी नळी सोडायची, पेटीत लवकर घट्ट होणारं सिमेंट भरायचं, सिमेंट धरलं की नळी बंद करायची. अंबडला केलेलं काम तिथे कामी आलं. प्रत्येक टप्प्याचा तारीख-वेळेसह फोटो चीफ इंजिनिअरने काढून घेतला. त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ सगळ्या टाक्यांचं साउंडिंग, म्हणजे आतल्या पातळीचं माप, घेऊन वहीत लिहायचो, म्हणजे पाणी वाढतंय की नाही ते कोणालाही दिसावं. सोळाव्या दिवशी क्लासचा, म्हणजे बोटीची मजबुती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर लाँचने आला. त्याने सिमेंट बॉक्स ठोकून पाहिला आणि त्या वहीची पानं न् पानं फोटोत घेतली. एका आठवड्याने परवानगी आली. ती वहीमुळेच आली असं मी म्हणणार नाही, मालकाच्या विमा कंपनीचं हमीपत्रही त्याच आठवड्यात पोचलं होतं. पण वही नसती तर सर्व्हेअरकडे लिहायला काही नव्हतं.

आता दोन प्रकरणांची गोष्ट. नवव्या दिवशी आमच्या एका एबीच्या (डेकवरच्या अनुभवी खलाशाच्या) पोटात उजव्या बाजूला असह्य दुखायला लागलं. कॅप्टनने रोमच्या सीआयआरएम केंद्राला विचारलं. ते १९३५ पासून जगभरच्या बोटींना फुकट वैद्यकीय सल्ला देतं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्सची शक्यता आहे, किनाऱ्यावर न्या. कॅप्टनने बचाव केंद्राला माणसासाठी वेगळी मागणी केली, त्यात बोटीच्या आसऱ्याचा शब्दही काढला नाही. जे बंदर नऊ दिवस बोटीला ‘थांबा’ सांगत होतं, त्याच बंदराची बोट पाच तासांत त्याला घ्यायला आली. आजारी माणूस असेल तर बोटीच्या परवानगीची वाट बघत बसू नका. त्याची मागणी वेगळी, लेखी आणि डॉक्टरच्या सल्ल्यासह करा.

५. नांगरावरचे दिवस

पाणी पहिल्या दिवसापासून मोजून वापरा. इंजिन बंद म्हणजे समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवणारं यंत्रही बंद. टाकीत आहे तेवढंच. आम्ही आंघोळीला समुद्राचं पाणी घेतलं आणि पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी धरलं. तांदूळ, डाळ, पीठ, तेल किती दिवसांचं उरलंय ते आठवड्यातून दोनदा लिहून कॅप्टनची सही घ्या. हाच कागद पुढे विमा कंपनीपुढे आणि दूतावासापुढे तुमची बाजू मांडतो. ‘आम्ही उपाशी आहोत’ या वाक्यापेक्षा ‘२१ माणसांना पुरेल असं पिण्याचं पाणी चार दिवसांचं आहे’ या वाक्यावर लवकर हालचाल होते.

इमर्जन्सी जनरेटरचं डिझेल वाचवायला दिवसातून दोनदाच तो चालवा, त्याच वेळात सगळ्यांचे फोन चार्ज करा. मलेरियाच्या प्रदेशात रात्री डेकवर झोपताना मच्छरदाणी सोडू नका, आमच्यातल्या तिघांनी सोडली आणि तिघे आजारी पडले.

रोज डायरी लिहा. तारीख, हवामान, कोण बोटीवर आलं, काय बोललं, काय खाल्लं. पहारे आणि कामाच्या वेळा मोडू देऊ नका. पगार नाही तर काम कशाला, असं तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतंच. नांगर घसरला तर पहिला जीव आपलाच जाणार असतो, हे त्याला बाजूला घेऊन समजवा.

६. दोन महिन्यांची मुदत

हा भाग पुन्हा वाचा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

एमएलसीप्रमाणे खलाशाला ‘सोडून दिलं’ असं तीन प्रकारे ठरतं. मालक घरी परतायचा खर्च देत नाही. किंवा अन्न, पाणी, इंधन, औषध असं जगायला लागणारं देत नाही. किंवा त्याने संबंध तोडलेत, ज्यात निदान दोन महिन्यांचा पगार थकवणंही आलं. यांपैकी एक झालं तरी पुरेसं आहे. मग विमा कंपनीने अन्न-पाणी, औषधं, घरी परतायचा प्रवास आणि थकलेला पगार द्यायचा असतो. पण थकलेला पगार जास्तीत जास्त चार महिन्यांचा.

हिशेब लक्षात आला का? दोन महिने पूर्ण झाल्याबरोबर नोटीस दिली तर पुढची कागदपत्रं होईपर्यंतचा पगारही चार महिन्यांत बसतो. आम्ही थांबलो. एक महिना अपघाताआधीचाच थकलेला होता. मालकाचा माणूस दर सोमवारी ‘या शुक्रवारी पैसे सोडतो’ म्हणायचा आणि आम्ही शुक्रवारची वाट बघायचो. नोटीस गेली तेव्हा पाच महिने थकले होते. उतरलो तेव्हा सात. विम्याने चार दिले. बाकीच्या तिन्हींसाठी पुढे कोर्टाची वाट धरावी लागली.

म्हणून दोन महिने झाले त्या दिवशी सगळ्यांच्या सहीचा ईमेल विमा कंपनीला, झेंड्याच्या देशाच्या सागरी खात्याला, आयटीएफला (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला) आणि डीजी शिपिंगला, एकाच वेळी पाठवा. कॅप्टन सही करायला तयार नसेल तर त्याच्याशिवाय पाठवा. आमचा कॅप्टन सुरुवातीला घाबरत होता, त्याच्यावरही घरची जबाबदारी होती, त्याला दोष देत नाही. ‘नोटीस दिली तर काळ्या यादीत टाकू’ अशी धमकी आली तर तीही तारखेसह डायरीत लिहा.

हे अपवादाने घडतं असं समजू नका. आयटीएफच्या मोजणीप्रमाणे २०२४ साली ३१२ बोटींवरचे ३,१३३ खलाशी असे सोडून दिले गेले, आणि त्यांत सर्वांत जास्त भारतीय होते.

७. घरच्यांनी नाशिकहून काय करायचं

आमचे नाना पहिले तीन आठवडे शहरातल्या कचेऱ्यांत फिरत होते. सगळ्यांनी चहा पाजला, अर्ज ठेवून घेतला. पण हा विषय जिल्ह्याच्या अखत्यारीतला नाहीच, त्यामुळे अर्ज तिथेच राहिले. तुम्ही तो वेळ वाचवा.

आधी एका पानाचा कागद बनवा. बोटीचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा, मालक, एजंट आणि त्याचा परवाना क्रमांक, विमा कंपनी, बोट आता कुठे आहे, एकूण माणसं किती, भारतीय किती, शेवटचा पगार कधी आला, अन्न-पाणी किती दिवसांचं, आजारी कोण. सोबत खलाशाचा पासपोर्ट आणि सीडीसी नंबर. हा कागद इंग्रजीत, साध्या वाक्यांत. रडगाणं नको, आकडे हवेत.

तो या क्रमाने पाठवा. पहिल्यांदा एजंटला, आणि फोनवर नव्हे तर ईमेलने, म्हणजे पुरावा राहतो. त्याच दिवशी युनियनला. एजंटकडून दोन दिवसांत लेखी उत्तर आलं नाही की डीजी शिपिंगला. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा, आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाला तोच क्रमांक घालून ईमेल करा. आफ्रिकेतल्या काही देशांत आपला दूतावास नसतो, शेजारच्या देशातला दूतावास ते काम बघतो. चुकीच्या ठिकाणी लिहून आमचे आठ दिवस गेले. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून अडकलेल्या माणसाची राहण्या-जेवणाची आणि परतीच्या तिकिटाची सोय होऊ शकते.

मन मोकळं करायला किंवा पुढचं पाऊल विचारायला ‘सीफेअररहेल्प’ ही आयस्वान संस्थेची मदतवाहिनी आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे, खलाशाबरोबर घरचेही बोलू शकतात. आई तिथे हिंदीत बोलली. त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली, असं बहीण सांगते.

प्रत्यक्ष जायचं झालं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. डीजी शिपिंगचं कार्यालय कांजूरमार्ग पूर्वेला आहे, त्यासाठी कल्याणला उतरून धिमी लोकल घ्या, जलद लोकल कांजूरमार्गला थांबत नाही. युनियनची आणि शिपिंग मास्तरची (खलाशांच्या नोंदी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची) कामं बॅलार्ड इस्टेटला, म्हणजे सीएसएमटीपासून चालत. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. कागदाच्या तीन प्रती न्या आणि पोच म्हणून एकीवर शिक्का घ्या.

खासदारांचं पत्र घ्यावं का? घ्यावं, पण ‘मदद’चा क्रमांक मिळाल्यावर. क्रमांक असला की पत्राला धरून काहीतरी हलवता येतं.

बोटीवरच्या सगळ्या कुटुंबांचा एक गट करा आणि दूतावासाशी बोलायला एकच माणूस ठेवा. आमच्या बोटीवर केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश इथली पोरं होती. बारा घरांमधून बारा वेगळे आकडे गेले तेव्हा दूतावासातल्या बाईंनी विचारलं, खरं कोणतं धरू? तेव्हापासून माझ्या बहिणीने एकटीने लिहिलं. आणि ‘पन्नास हजार द्या, माझी ओळख आहे, सोडवतो’ म्हणणारा कोणी भेटेलच. त्याला एक रुपया देऊ नका.

८. चौकशी, फोन आणि सह्या

बोट आत गेली की पोलीस, बंदर, झेंड्याचा देश, विमा असे वेगवेगळे लोक प्रश्न विचारायला येतात. प्रत्येकाला आधी विचारा: तुम्ही कोणाकडून आलात आणि हा जबाब कशासाठी? अपघातानंतर खलाशांना न्याय्य वागणूक कशी द्यावी, याची आयएमओ आणि आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची) तत्त्वं २००६ सालापासून आहेत. दुभाषा मागता येतो, वकिलाचा सल्ला मागता येतो. जे पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज सांगू नका. खोटं तर मुळीच नको.

मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला ‘डाली’ बोट पुलाला धडकली, तेव्हा बहुतेक भारतीय असलेल्या तिच्या खलाशांचे फोन तपासाला घेतले गेले. घरचे नंबर, बँकेचं सगळं त्या फोनमध्येच. म्हणून महत्त्वाचे नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आजकाल पोरांना आईचाही नंबर पाठ नसतो.

न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. मोहम्मद आयशा या सीरियन खलाशाची गोष्ट प्रत्येकाने ऐकावी. इजिप्तमध्ये २०१७ साली ‘अमान’ ही त्याची बोट अडवली गेली. कोर्टाच्या एका कागदाने त्याला बोटीचा कायदेशीर रखवालदार ठरवलं. त्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नव्हता. बाकीचे गेले, तो एप्रिल २०२१ पर्यंत अडकून राहिला, शेवटचा बराच काळ वीज नसलेल्या बोटीवर एकटा. तुमच्यापुढे कागद आला तर फोटो काढून आयटीएफच्या माणसाला पाठवा, आणि ‘भाषांतर मिळाल्यावर सही करतो’ एवढं म्हणा. पासपोर्ट स्थानिक एजंटच्या हातात देताना पावती घ्या.

शोअर पासशिवाय, म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या परवान्याशिवाय, गेटबाहेर पाय ठेवू नका. एक दिवस भाजी आणायला म्हणून बाहेर गेलेला आमचा मेसमन दोन रात्री कोठडीत होता.

९. उतरताना

सगळ्यांना एकदम उतरू देत नाहीत. बोट सुरक्षित ठेवायला काही माणसं राहिलीच पाहिजेत, असं बंदर म्हणतं आणि त्यात तथ्य आहे. म्हणून क्रम तुम्हीच आपसांत आधी ठरवा: आजारी, मग ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय ते, मग ज्यांच्या घरी अडचण आहे ते. उरलेल्यांच्या बदलीची तारीख लेखी घ्या. आम्ही हे ठरवलं नव्हतं. पहिल्या यादीवरून बोटीवर हाणामारी झाली. सहा महिने एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांवर धावून गेली, ते मला अजून आठवतं.

‘सर्व रक्कम मिळाली, काही तक्रार नाही’ असा कागद विमानाच्या तिकिटासोबत पुढे येतो. पैसे पूर्ण मिळाले नसतील तर तसंच लिहून सही करा: अमुक महिन्यांचा पगार बाकी. तिकीट विम्याने काढलेलं असतं, त्या वाक्यामुळे ते रद्द होत नाही. कॅप्टनच्या सहीचा आणि बोटीच्या शिक्क्याचा पगाराचा हिशेब घ्या. सीडीसीवर उतरल्याची नोंद आणि शिक्का आहे का ते तिथेच बघा.

बोट सोडली म्हणून पगाराचा हक्क जात नाही. तो हक्क बोटीवरच बसलेला असतो, मालक बदलला तरी. बोट भारतीय बंदरात आली तर आपल्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली उच्च न्यायालयातून ती अडवता येते. मात्र पगाराच्या बाबतीत हा हक्क रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षंच टिकतो. आमची बोट त्या बंदरातच कोर्टाने विकायला काढली. बाकीचे तीन महिने मला उतरल्यानंतर चौदा महिन्यांनी मिळाले, वकिलाची फी वजा होऊन. युनियनने ओळखपत्रापासून मुखत्यारपत्रापर्यंत सगळे कागद करून घेतले म्हणून ते जमलं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे जा, मलेरियाची तपासणी आणि कान-छातीची तपासणी करून घ्या. झोप येत नसेल तर तेही सांगा. ‘मदद’वरची तक्रार पैसे हातात पडेपर्यंत बंद करायला होकार देऊ नका. आणि अडकलेल्या काळाचं सी सर्व्हिसचं (बोटीवर काम केल्याचं) पत्र कॅप्टनकडून तेव्हाच घेतलं नसेल तर लगेच ईमेल करून मागा. मी उशिरा मागितलं, तोवर कंपनीचा ईमेल बंद झाला होता आणि त्या पाच महिन्यांसाठी सीडीसीवरचा शिक्का एवढाच माझ्याकडे पुरावा उरला.